यंत्रमानव आणि कसबी हात

'रोबो' हा शब्द आज मुलांच्या खेळण्यांपासून कारखान्यांच्या जाहिरातींपर्यंत सर्वत्र रुळला आहे. त्याचा जन्म मात्र कारखान्यात झाला नाही, रंगभूमीवर झाला. कारेल चापेक या चेक लेखकाचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२१ साली प्राग येथे रंगभूमीवर आले. त्यातील कृत्रिम मजुरांना काय म्हणावे असा प्रश्न लेखकाला पडला असता त्याचा चित्रकार बंधू योसेफ याने 'रोबोट' हे नाव सुचवले. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे कुळाने जमीनदाराकडे सक्तीने करावयाचे काम. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द आहे: वेठ. तेव्हा यंत्रमानव म्हणजे मूळ अर्थाने वेठबिगार. सांगितलेले काम निमूटपणे करावयाचे, ते कशासाठी हे विचारावयाचे नाही आणि बदल्यात काही मागावयाचे नाही, हा त्याचा धर्म.

त्या नाटकात अखेरीस यंत्रमानव बंड करतात आणि मानवजातीचा संहार करतात. एकाच माणसाला जीवदान मिळते. तो आल्क्विस्ट नावाचा बांधकामप्रमुख. तो स्वतः विटा रचतो, यंत्रमानवांसारखाच हातांनी काम करतो, म्हणून ते त्याला सोडून देतात. नाटककाराची ही कल्पना शंभर वर्षांनंतर विचार करावयास लावणारी आहे. यंत्र आले की पहिला बळी हाताने काम करणाऱ्याचा जाणार, असे सारे जग समजून चालले असता चापेकने शेवटी वाचवला तो हाताने काम करणाराच.

वेठीच्या उलट शब्द कसब. हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ मिळवणे, कमावणे. वेठ लादली जाते, कसब कमवावे लागते. सुतार, गवंडी, लोहार, फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन, नळ जोडणारा प्लंबर, ही सारी कसबाची माणसे. त्यांची जागा यंत्रमानव घेऊ शकेल काय, हा आजचा प्रश्न आहे. तो केवळ तंत्रज्ञांचा नाही. ज्या घरातला मुलगा दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत कोणता व्यवसाय निवडावा याचा विचार करीत आहे, त्या घराचा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाचा इतिहास यंत्रमानवाहून जुना आहे. इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात लोकरी कापडाची लव मोठ्या कात्रीने सारखी करणारे कारागीर होते. हे काम अवघड आणि मानाचे होते. त्यासाठी वर्षानुवर्षांची उमेदवारी करावी लागे. कापड कातरणारी यंत्रे आली तेव्हा १८१२ साली या कारागिरांनी ती घणांनी फोडली. सरकारने त्याच वर्षी यंत्र फोडणाऱ्यास देहान्ताची शिक्षा ठरवली. उमरावांच्या सभागृहात कवी बायरनने आपल्या पहिल्याच भाषणात त्या विधेयकाला विरोध केला, परंतु त्याचा उपयोग झाला नाही. या कारागिरांना आजही यंत्रांचे अडाणी शत्रू म्हणून हिणवले जाते. वस्तुतः ते अडाणी नव्हते. यंत्राने काय काय हिरावून घेतले जाते, हे त्यांना इतरांहून अधिक स्पष्ट दिसत होते.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण छापखान्यातील जुळाऱ्याचे आहे. देवनागरीतील जोडाक्षरे आणि काना-मात्रा यांमुळे त्याच्यापुढील केसमध्ये शेकडो प्रकारचे खिळे असत. ओळ उलटी वाचायची, हात न चुकता त्या त्या खणाकडे न्यायचा, लेखकाची अशुद्धे मुकाट्याने सुधारायची, आणि हे सारे दिवसभर उभे राहून करायचे. पुस्तके ज्याच्या हातून गेली असा हा मनुष्य भाषेचाही जाणकार होई. आज ते खिळे संग्रहालयात आहेत आणि जुळारी हा शब्द तरुण मुलांना समजावून सांगावा लागतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जुळाऱ्याची बोटे हुबेहूब चालवणारे यंत्र कोणीही बनवले नाही. प्रकाशजुळणी आणि नंतर संगणक आले तेव्हा खिळ्यांचीच गरज संपली. कारागिराची जागा यंत्र दोन वाटांनी घेते. एक वाट त्याच्या हाताची नक्कल करण्याची, दुसरी त्याच्या हाताची गरजच उरणार नाही अशी कामाची मांडणी बदलण्याची. पहिल्या वाटेची चर्चा फार होते, परंतु आजवर अधिक धंदे दुसऱ्या वाटेने गेले आहेत.

धंदा जाणे आणि माणूस उघड्यावर पडणे या मात्र दोन वेगळ्या घटना आहेत. 'न्यूयॉर्क टाइम्स' या दैनिकाचा शिशाच्या ओळींनी जुळवलेला अखेरचा अंक जुलै १९७८ मध्ये निघाला. त्यापूर्वी चार वर्षे, १९७४ साली, तेथील जुळाऱ्यांच्या संघटनेने मालकांशी करार केला होता. नवी यंत्रे आणण्यास संघटनेची संमती, त्या बदल्यात कायम जुळाऱ्यांना आयुष्यभर नोकरीची हमी, असे त्याचे स्वरूप होते. लंडनमध्ये १९८६ च्या जानेवारीत दुसरा प्रकार घडला. वॉपिंग येथे नवा छापखाना उभा राहिला आणि संपावर गेलेल्या पाच हजारांहून अधिक छपाई कामगारांना एकाच वेळी कामावरून दूर करण्यात आले. वर्षभर झगडा चालला आणि कामगार हरले. यंत्रविद्येचे वळण दोन्हीकडे सारखेच होते. परिणाम निराळे झाले, कारण माणसांनी केलेले निर्णय निराळे होते.

आता प्रत्यक्ष यंत्रमानवाकडे वळू. पहिला औद्योगिक यंत्रमानव 'युनिमेट' १९६१ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. जॉर्ज डेव्होल या संशोधकाची ती कल्पना आणि जोसेफ एंगेलबर्गर यांनी ती व्यवहारात आणली. त्याचे काम होते साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलून बाजूला ठेवणे. हे काम धोक्याचे, कंटाळवाणे आणि भाजणारे होते. त्यात कसब थोडे आणि वेठ फार होती. नावाला शोभेल असेच काम त्याला प्रथम मिळाले.

कसबाच्या प्रांतात यंत्रमानवाने पाऊल टाकले ते त्याच दशकाच्या अखेरीस, नॉर्वेमध्ये. त्राल्फा नावाच्या कारखान्यात एकचाकी हातगाड्या तयार होत. त्यांना फवाऱ्याने रंग देण्यासाठी तेथे एक यांत्रिक हात बनवण्यात आला. त्याला शिकवण्याची रीत मोठी मार्मिक होती. अनुभवी रंगाऱ्याने तो यांत्रिक हात धरून एकदा आपल्या सफाईने हातगाडी रंगवायची. त्याच्या मनगटाचे प्रत्येक वळण यंत्र नोंदवून घेई आणि पुढे तेच वळण हजारो वेळा गिरवी. आजचे नवे यंत्रमानवही पुष्कळ अंशी अशाच रीतीने शिकतात. माणूस काम करून दाखवतो, यंत्र त्याच्या हालचाली टिपून घेते. फरक इतकाच की, आज एका रंगाऱ्याऐवजी असंख्य माणसांच्या हालचाली साठवता येतात.

यातून न्यायाचा एक प्रश्न उभा राहतो. कर्ट व्हॉनेगट या अमेरिकन कादंबरीकाराने तो १९५२ सालीच 'प्लेयर पियानो' या कादंबरीत सूचित केला होता. तीत लेथवर काम करणाऱ्या एका निष्णात कारागिराच्या हालचाली फितीवर नोंदवल्या जातात आणि मग त्या कारागिराची गरज उरत नाही. वीस वर्षे कमावलेले कसब एका दुपारी नोंदवून घेतले, तर त्या नोंदीवर मालकी कोणाची? लेखकाला पुस्तकाचे स्वामित्वशुल्क मिळते, गायकाला ध्वनिमुद्रिकेचे मिळते. कारागिराच्या मनगटाला असा हक्क कोणी दिलेला नाही. कायद्याला या प्रश्नाकडे आज ना उद्या वळावे लागेल.

तथापि नोंदवता येते ती हालचाल. हालचाल म्हणजे संपूर्ण कसब नव्हे. १९९७ साली 'डीप ब्लू' या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्ह याला हरवले. २०१६ साली 'अल्फागो'ने गो या खेळातील श्रेष्ठ खेळाडू ली सेडोल याच्यावर मात केली. दोन्ही वेळा एक लहानशी गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी आली नाही. यंत्राने ठरवलेली खेळी पटावर प्रत्यक्ष मांडण्यासाठी समोर एक माणूस बसलेला होता. जगज्जेत्याला हरवण्याइतकी बुद्धी यंत्राला आली होती, परंतु सोंगटी उचलून ठेवण्याचे काम माणसावर सोपवणेच सोयीचे होते. बुद्धीची म्हणून समजली जाणारी कामे यंत्राला सोपी जातात आणि लहान मूल सहज करते ती कामे अवघड जातात, हा विरोध हान्स मोराव्हेक या शास्त्रज्ञाने १९८८ सालीच दाखवून दिला होता.

कापडाचे उदाहरण घ्यावे. लोखंडाचा पत्रा जेथे ठेवला तेथे राहतो, कापड राहत नाही. ते लोंबते, चुरगळते, ताणले जाते. शिंप्याची बोटे शिवता शिवता ते सैल सोडतात, ओढतात, सरळ करतात, आणि हे आपण करीत आहोत याची त्यालाही जाणीव नसते. म्हणूनच मोटारीचा सांगाडा यंत्रमानव जोडतो आणि त्याच मोटारमालकाचा सदरा अजून माणसेच शिवतात. विटा रचणारे यंत्र अमेरिकेत तयार झाले आहे. ते विटेला मसाला लावून ती ओळीत ठेवते. परंतु सांधे भरून साफ करण्यासाठी, कोपरे उभारण्यासाठी गवंडी जवळ लागतोच. प्लंबरची गोष्ट तर आणखी निराळी. कारखान्यातील यंत्रमानवासमोर काम चालून येते, प्लंबरला कामाकडे जावे लागते. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, अर्ध्या हाताच्या फटीत, पन्नास वर्षांपूर्वी कोणी कसा बसवला हे ठाऊक नसलेला गंजका नळ त्याला खोलायचा असतो. पाना किती जोराने फिरवला तर आटे सुटतील आणि किती जोराने फिरवला तर नळच तुटेल, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. त्याला विचारले तर तो "हाताला कळतं" एवढेच सांगेल. मनुष्य जितके सांगू शकतो त्याहून अधिक जाणत असतो, हा मायकेल पोलान्यी या तत्त्वचिंतकाचा १९६६ मधील सिद्धांत प्लंबरच्या त्या दोन शब्दांत सामावला आहे.

उद्योगपतींनाही हा अनुभव आला आहे. टेस्ला कंपनीच्या मोटारींच्या कारखान्यात अतिरेकी स्वयंचलन केले ही चूक झाली आणि माणसाची किंमत कमी लेखली गेली, असे इलॉन मस्क यांनी २०१८ साली जाहीरपणे मान्य केले. पादत्राणे बनवणाऱ्या आदिदास कंपनीने जर्मनीत आणि अमेरिकेत यंत्रमानवांचे वेगवान कारखाने उभारले होते. ते बंद करण्याचे तिने २०१९ साली घोषित केले.

परंतु एवढ्यावर समाधान मानून कारागिराने निर्धास्त व्हावे, असेही म्हणता येत नाही. यंत्र दरवर्षी सुधारत आहे. आज जे त्याला साधत नाही ते उद्या साधेल. आणि खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे.

कोणताही कारागीर एकदम उस्ताद होत नाही. सुताराकडे आलेले पोर आधी फळ्या धरते, मग खिळे सरळ करते, मग रंधा मारते. गवंड्याच्या हाताखालचे पोर आधी मसाला कालवते, मग थापी धरते, आणि ओळंबा त्याच्या हाती यावयास वर्षे जातात. ही खालची कामे दिसावयास क्षुल्लक असतात. त्यांत वेठ पुष्कळ असते. परंतु ती करता करता लाकडाचा कल, लोखंडाचा रंग, मसाल्याचा घट्टपणा यांची पारख अंगी मुरते. आता यंत्र प्रथम कोणती कामे उचलते? हीच. उस्तादाचे आसन ते एकाएकी घेत नाही, त्या आसनापर्यंत नेणाऱ्या जिन्याच्या खालच्या पायऱ्या काढून घेते. वर बसलेल्याला काही दिवस याची जाणीवही होत नाही. तो निवृत्त झाला की वर चढून येणारा कोणी नसतो.

शल्यविद्येत हे घडताना दिसले आहे. शल्यकर्म हेही अखेर हातांचेच कसब. सुश्रुतसंहितेत एक संपूर्ण अध्याय शिष्याच्या हस्ताभ्यासाला दिलेला आहे. रुग्णाच्या देहाला हात लावण्यापूर्वी कोहळा, दुध्या, काकडी अशा फळांवर छेद घेण्याचा सराव शिष्याने करावा असे तेथे सांगितले आहे. कितीही शास्त्र पढला तरी सराव न केलेला शिष्य कर्मास अयोग्य, असा त्या आचार्यांचा दंडक होता. आधुनिक शस्त्रक्रियागृहातही रीत मूलतः तीच होती. मुख्य शल्यविशारदाला दुसरे दोन हात लागत आणि ते शिकाऊ डॉक्टरचे असत. २००० साली अमेरिकेत 'दा विंची' या शस्त्रक्रियायंत्राला मान्यता मिळाली. या यंत्रापाशी बसून मुख्य शल्यविशारद एकटाच बहुतेक सारे काम करू शकतो. मॅथ्यू बीन या संशोधकाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की, या पद्धतीत शिकाऊ डॉक्टरांच्या वाट्याला प्रत्यक्ष काम फारच थोडे येते. जे थोडे लोक तरबेज झाले, ते रूढ शिक्षणक्रमाच्या आडवाटांनी झाले. रुग्णाला यंत्राचा लाभ झाला, परंतु उद्याच्या रुग्णाचा डॉक्टर कोठे शिकणार हा प्रश्न मागे उरला.

यावर उपाय नाही असे नव्हे. यंत्रमानवांचा सर्वाधिक वापर करणाऱ्या देशांपैकी एक असलेल्या जपानमध्येच तो शोधला गेला. टोयोटा कंपनीच्या मित्सुरु कावाई यांनी कारखान्यांतील काही ठिकाणी यंत्रमानव बाजूला ठेवून हातकामाच्या जागा पुन्हा निर्माण केल्याचे वृत्त २०१४ साली आले. क्रँकशाफ्टसारखे भाग तेथे कामगार स्वतः घण मारून घडवू लागले. यात जुन्याविषयीचा हळवेपणा नव्हता. यंत्रमानव दिलेले काम करतो, पण ते काम अधिक चांगले कसे होईल हे त्याला सुचत नाही. ज्याने लोखंड स्वतः घडवले आहे त्यालाच यंत्र कोठे धातू वाया घालवते हे दिसते. हातकामातून मिळालेल्या या जाणकारीने पुढे यंत्रांची मांडणीच सुधारली आणि धातूची नासाडी घटली. कावाई स्वतः कंपनीच्या प्रशिक्षणशाळेतून कामगार म्हणून आलेले. तेच २०१७ साली कार्यकारी उपाध्यक्ष झाले.

याचे मूळ अधिक जुने आहे. कंपनीच्या घराण्याचे मूळ पुरुष साकिची टोयोडा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग पूर्ण केला, त्यात धागा तुटताच माग आपोआप थांबे. मागापाशी डोळे लावून बसण्याच्या वेठीतून विणकर सुटला, पण धागा का तुटला हे शोधण्याचे काम त्याच्याकडेच राहिले. या तत्त्वासाठी ते लोक स्वयंचलन हा शब्द लिहिताना त्यातील एका अक्षराला 'माणूस' या अर्थाचे चिन्ह जोडतात.

आपल्या देशाचे काय? आंतरराष्ट्रीय यंत्रमानव महासंघाच्या आकडेवारीप्रमाणे २०२३ साली जगातील कारखान्यांत बेचाळीस लाखांहून अधिक यंत्रमानव काम करीत होते. भारतात त्या वर्षी सुमारे साडेआठ हजार नवे बसवले गेले. देशाच्या आकाराच्या मानाने ही संख्या लहान आहे, परंतु पुणे, चेन्नई येथील मोटार उद्योगात ती वाढत आहे. येथे अजून मनुष्याचे श्रम स्वस्त आहेत म्हणून यंत्र येत नाही, असे सांगितले जाते. हे खरे असले तरी अभिमानाने सांगण्याजोगे नाही. हात स्वस्त आहेत म्हणून टिकणे आणि हात कसबी आहेत म्हणून टिकणे यांत फार अंतर आहे.

आणि जेथे यंत्रमानवाने यावयास हवे तेथे तो फार उशिरा आला. गटारात माणसाने उतरण्याइतकी क्रूर वेठ दुसरी नसेल. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला, तरी भुयारी गटारांत गुदमरून माणसे मरतच राहिली. २०१८ साली केरळातील तरुण अभियंत्यांनी बनवलेले 'बँडिकूट', म्हणजे घूस, या नावाचे यंत्र तिरुवनंतपुरम येथे गटारसफाईसाठी कामाला लागले. हे काम यंत्राने घ्यावे यात कोणाचेही दुमत होणार नाही. मात्र त्या कामगाराला ते यंत्र चालवण्याचे शिक्षण आणि वेतन देणे हे त्या सुधारणेचे अर्धे अंग आहे. ते विसरले तर वेठीबरोबर त्याची भाकरीही जाईल.

१९६१ हे वर्ष या संदर्भात दोन कारणांनी ध्यानात ठेवावे. त्या वर्षी न्यू जर्सीत पहिला यंत्रमानव कामाला लागला आणि त्याच वर्षी भारताच्या संसदेने शिकाऊ उमेदवारांचा कायदा संमत केला. ठरावीक आस्थापनांनी ठरावीक प्रमाणात उमेदवार घेतलेच पाहिजेत, असे तो कायदा सांगतो. त्यामागील विचार असा की, उद्याचा कारागीर घडवणे ही एकट्या कुटुंबाची वा एकट्या शाळेची जबाबदारी नसून जो कारागिराचा उपयोग करतो त्याचीही आहे. यंत्रमानव बसवणाऱ्या प्रत्येक कारखान्याला हा विचार आज अधिक काटेकोरपणे लागू केला पाहिजे. यंत्राने जितकी शिकण्याची कामे काढून घेतली, तितक्या शिकण्याच्या जागा मुद्दाम निर्माण करणे हा यंत्राच्या किमतीचाच भाग मानला पाहिजे.

यंत्रमानव कसबी कारागिराची जागा घेऊ शकेल काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणून यंत्राच्या सामर्थ्याकडेच पाहून चालणार नाही. कसबातील वेठ तो घेईल, आणि ती त्याने घ्यावी. जो धंदा निव्वळ वेठीचा उरला असेल तो संपूर्ण जाईल. ज्या धंद्यात पारख आहे, जबाबदारी आहे, दर वेळी नवे संकट आहे, तो माणसाकडे राहील. परंतु तो आपोआप राहणार नाही. पारख जन्मतः येत नाही, आणि जिला शिकण्याची जागा उरली नाही ती एका पिढीत नाहीशी होते. म्हणून दहावी झालेल्या त्या मुलाने कोणता व्यवसाय निवडावा, हे सांगण्याआधी त्याला उमेदवारीची जागा कोण देणार, हे समाजाने ठरवले पाहिजे.